साडेचारशेची स्प्रिंग: एका कॉइल शॉकची निवड

मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याचं सगळं ठरलेलंच होतं. "दादा, मागचा एअर शॉक काढून कॉइल टाकतोय. कुठला घेऊ तेवढं सांग." म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाचे धक्के झेलणारा हवेवरचा शॉक काढून पोलादी स्प्रिंगचा. असं विचारणाऱ्याला सल्ला नको असतो, शिक्का हवा असतो. मी शिक्का मारला नाही आणि पुढचे दोन महिने आमचे सगळे शनिवार त्या सायकलपायी गेले. त्याचीच ही हकीकत. आकडे जरा जास्त आहेत, पण या विषयात आकडे टाळले की उरतात नुसती कंपन्यांची नावं, आणि नावांवरून शॉक घेणारे फसलेले मी बरेच पाहिलेत.

सायकल अशी: अॅल्युमिनियमची एन्ड्युरो, म्हणजे डोंगरउतारासाठीची फ्रेम, २९ इंची चाकं, मागे १६० मिमी ट्रॅव्हल (चाक एवढं वर-खाली हलतं), शॉकचं माप २३० × ६५. म्हणजे दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर २३० मिमी आणि शॉक दबतो ६५ मिमी. ही गोल आकड्यांची मेट्रिक मापं २०१६ साली शॉक बनवणाऱ्या रॉकशॉक्सनं आणली; त्याआधीच्या फ्रेमना २१६ × ६३, २२२ × ७० अशी इंचांतून आलेली मापं लागतात. जुनी फ्रेम असेल तर आधी टेप लावून बघा. पाच-सात मिमीनं चुकलेला शॉक कुठल्याही जुगाडानं बसत नाही.

स्वार अठ्ठ्याहत्तर किलोचा. आठवड्यात सकाळी पुण्यातली वेताळ टेकडी, रविवारी मुळशीकडच्या पायवाटा, आणि पावसाळ्यानंतर मनालीला जायचा बेत.

तक्रार काय होती? "मागचं चाक लाथा मारतं." बारीक दगडांच्या उतारावर पाय पॅडलवरून सुटतात, आणि मोठ्या दगडावरून खाली उतरलं की शॉक ठप्पकन तळाला लागतो. तळाला लागू नये म्हणून त्यानं हवा वाढवली होती. हवा वाढवल्यावर बारीक दगड आणखी टोचायला लागले होते. बहुतेकांचं इथेच अडतं.

मी विचारलं, "शेवटची सर्व्हिस कधी केलीस?"

"सर्व्हिस म्हणजे, हवा भरतो ना मी."

दोन वर्षं तो शॉक उघडलेला नव्हता. एअर शॉकचा बाहेरचा डबा साधारण दर पन्नास तासांच्या चालवण्यानंतर उघडून सील पुसायचे, तेल बदलायचं, असं कंपन्याच सांगतात. आम्ही उघडला तर आत तेलाऐवजी काजळासारखा काळा चिकटा, आणि फोमची रिंग कोरडी ठणठणीत. नवे सील घातले, तेल घातलं, हवा वीस टक्क्यांनी कमी केली, आणि तळाला लागू नये म्हणून आत हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा एक जादा स्पेसर टाकला. दुसऱ्या दिवशी तो टेकडीवरून आला आणि म्हणाला, "अर्धी तक्रार गेली."

माझ्या मते इथे थांबायला हरकत नव्हती. खर्च झाला होता फक्त सील किटचा. पण त्याचं म्हणणं असं, की उरलेल्या अर्ध्या तक्रारीचं काय? तेही खोटं नव्हतं.

कॉइलची बाजू मांडताना नेहमी एक कारण ऐकू येतं: लांब उतारावर एअर शॉक तापतो, आतली हवा फुगते, शॉकचा स्वभाव बदलतो. बरोबर आहे, पण ते आल्प्समधल्या वीस-वीस मिनिटांच्या उतारांसाठी. आपल्या टेकडीवर चार मिनिटांत माणूस खाली चहाच्या टपरीवर असतो. शॉकला हात लावला तर जेमतेम कोमट. त्यामुळे तापण्याचा मुद्दा आम्ही पुण्यापुरता खोडून टाकला आणि मनालीसाठी कंसात ठेवला.

इथे खरं कारण घर्षणाचं. एअर शॉकमध्ये हवा धरून ठेवायची म्हणजे सील घट्ट हवेत, आणि घट्ट सील हलायला सुरुवातीला थोडा जोर मागतात. मोठ्या दगडाला तो जोर म्हणजे काहीच नाही. पण आपल्याकडचा उतार म्हणजे मुरूम, आणि मुरमावर पसरलेले सुपारीएवढे, लिंबाएवढे खडे. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो. तिथे चाकाला सेकंदाला कितीतरी बारीक टोले बसतात, आणि दर टोल्याला सील आधी हट्ट करतो, मग हलतो. कॉइलमध्ये वजन पेलायचं काम पोलादी स्प्रिंग करते. सील असतात ते फक्त तेल अडवायला. शॉक पहिल्या मिलिमीटरपासून हलतो. एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा किलो वजन वाढवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. तो म्हणाला, वाढवायचं. ठीक.

आता फ्रेमला विचारायचं

पोलादी स्प्रिंग सरळमार्गी असते. पहिल्या दहा मिमीला जेवढा जोर घेते तेवढाच शेवटच्या दहाला जादा घेते. हवा तशी नाही; शेवटी शेवटी ती दाबली जाऊन आपोआप ताठ होते. म्हणून हवा काढून स्प्रिंग घातली की शेवटचा ताठपणा दुसरीकडून आणावा लागतो, आणि तो बहुतेक फ्रेमच्या लिंकेजमधून, म्हणजे चाक आणि शॉक जोडणाऱ्या दांड्यांमधून येतो. चाक किती हललं की शॉक किती दबतो, ते प्रमाण म्हणजे लीव्हरेज रेशो. ते सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी असेल तर फ्रेम कॉइलला मानवते. सगळीकडे सारखंच असेल तर कॉइल घातल्यावर दर उडीला ठप्प.

या फ्रेमचा आलेख इंटरनेटवर मिळत होता, पण दोन ठिकाणी दोन वेगळे. म्हणून आम्ही स्वतःच मोजलं. पद्धत सोपी आहे. शॉक काढून टाकायचा आणि त्याच्या जागी अॅल्युमिनियमची पट्टी बोल्टनं बसवायची. पट्टीला एका टोकाला एक भोक, आणि त्यापासून २३०, २२०, २१० असं करत १६५ मिमीपर्यंत भोकं. बोल्ट आठ मिमीचा, त्यामुळे दहा-दहा मिमीवरची भोकं एकमेकांना खेटतात आणि पट्टी वाकते. पहिली पट्टी आम्ही अशीच वाया घालवली. मग दोन पट्ट्या केल्या: एकीत २३०, २१०, १९०, १७०; दुसरीत २२०, २००, १८०, १६५. सायकल पार्किंगमध्ये स्टँडला आवळली, एकेका भोकात बोल्ट घातला आणि दर वेळी मागच्या चाकाचा एक्सल फरशीपासून किती उंच आहे ते मोजलं. वॉचमनकाका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. चौथ्या भोकाला म्हणाले, "एवढ्यात तर नवी गाडी आली असती."

निकाल असा: शॉकच्या पहिल्या दहा मिमीत चाक साडेसत्तावीस मिमी वर आलं. पन्नास ते साठच्या दरम्यान साडेबावीस. शेवटच्या पाच मिमीत जेमतेम अकरा. सगळं मिळून १६१. म्हणजे रेशो सुरुवातीला २.८ च्या आसपास, शेवटी २.१५, घट साधारण तेवीस टक्के. वीसच्या वर घट असेल तर मी कॉइलला हो म्हणतो. दहा-बारा असेल तर नाही म्हणतो, आणि समोरचा फारच मागे लागला तर केन क्रीकची व्हॉल्ट प्रोग्रेसिव्ह किंवा तशीच शेवटाकडे ताठ होत जाणारी स्प्रिंग बघायला सांगतो.

आणखी एक गोष्ट बघितली, जी लोक बघत नाहीत. काही फ्रेममध्ये शॉक थेट लिंकला जोडलेला नसतो. मध्ये चिमट्यासारखा लांब योक असतो. अशा फ्रेमवर शॉकला आडवा ताण बसतो. एअर शॉकचा रुंद डबा तो पेलतो, कॉइल शॉकचा बारीक दांडा मात्र एकटा पडतो आणि वाकतो, कधी तुटतोही. या फ्रेमला योक नव्हता. असता तर मी विषय तिथेच संपवला असता.

शॉक आला, आणि त्याच्यासोबत चुकीची स्प्रिंग

बाजारात तेव्हा फॉक्स, रॉकशॉक्स, ओलिन्स, केन क्रीक असे सगळेच पर्याय होते. नवा शॉक मागवून कस्टम्स भरणं त्याच्या बजेटबाहेर होतं. माझ्या दोन अटी होत्या. एक, चढावर बंद करायचा खटका हवा, कारण कॉइल पॅडल मारताना डुलतो. दोन, शेवटच्या टप्प्यात तेलानं अडवणारी सोय, म्हणजे हायड्रॉलिक बॉटम आउट, असली तर उत्तम. बेंगळुरूच्या एका स्वाराकडे दोन्ही अटींत बसणारा वापरलेला शॉक मिळाला. दांड्यावर चरा नाही, तेल गळत नाही, आणि वर पाचशे आकड्याची स्प्रिंग फुकट.

विकणारा फोनवर म्हणाला, "माझं वजन ऐंशी आहे. मला पाचशे मस्त बसते. तुम्हालाही बसेल."

सगळी गंमत या वाक्यात आहे. स्प्रिंगचा आकडा म्हणजे ती एक इंच दाबायला किती पौंड लागतात. पण स्प्रिंगवर माणूस थेट बसत नाही, मध्ये फ्रेमचा तरफदांडा असतो. त्याची सायकल १७० मिमी ट्रॅव्हलची, शॉक तोच ६५ मिमी. सरासरी रेशो २.६ च्या वर. आपली १६० भागिले ६५, म्हणजे २.४६. शिवाय तो उड्या मारणारा, कमी सॅग ठेवणारा, म्हणजे वर उभं राहिल्यावर शॉक कमी दबलेला ठेवणारा. एकाच वजनाच्या दोन माणसांना एकच स्प्रिंग बसेल असं मानणं म्हणजे एकाच उंचीच्या दोघांना एकच चप्पल बसेल असं मानणं.

आम्ही हिशेब केला तो असा. वजन घरातल्या कपड्यांत करून उपयोग नाही. हेल्मेट, नी-पॅड, बूट आणि पाठीवर दोन लिटर पाणी धरून मावसभाऊ ८४ किलो भरला. मग दोन बाथरूम वजनकाटे आणले, एक त्याच्या घरचा, एक शेजारच्यांचा. पुढच्या चाकाखाली एक, मागच्या चाकाखाली दुसरा. तो पॅडलवर उभा, उतारावर असतो तशा पवित्र्यात, मी बाजूला भिंतीसारखा. मागचा काटा ६१ दाखवत होता. त्यातून चाक, कॅसेट वगैरे स्प्रिंगच्या खाली राहणारं वजन चार किलो धरून वजा केलं. उरले ५७.

५७ किलो म्हणजे सुमारे ५६० न्यूटन. सॅगपाशी, म्हणजे माणूस उभा राहिल्यावर शॉक जिथे स्थिरावतो तिथे, रेशो २.६. गुणाकार १,४५० च्या थोडा वर. सॅग तीस टक्के हवा, म्हणजे ६५ पैकी १९.५ मिमी. भागाकार केला की मिलिमीटरला साधारण ७४.६ न्यूटन. पौंड-इंचात आणायला ५.७१ ने गुणायचं. उत्तर ४२६.

४२६! आणि हातात ५००. बऱ्याच स्प्रिंगा पन्नासच्या टप्प्यानं येतात. फॉक्सच्या हलक्या एसएलएस स्प्रिंगा पंचवीसच्या टप्प्यानं मिळतात, आणि स्प्रिंडेक्सची एक स्प्रिंग तर रिंग फिरवून काही पौंड इकडेतिकडे करता येते. पण दोन्ही बाहेरून मागवाव्या लागणार होत्या. "आधी पाचशेच लावून बघू," तो म्हणाला. फुकट आलेली वस्तू टाकवत नाही कुणालाच.

लावली. कॉइल शॉकला सॅग मोजायची रबरी रिंग नसते, दांडा स्प्रिंगच्या पोटात असतो. म्हणून चाक हवेत असताना बोल्टपासून बोल्टपर्यंत टेप, मग माणूस वर चढवून पुन्हा टेप. २३० चे झाले २१४. सोळा मिमी, पंचवीस टक्क्यांच्या खालीच. टेकडीवर जाऊन आला तर चेहरा पडलेला. "दादा, एअरच बरा होता रे."

इथे बरेच जण प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग सैल करून सॅग जुळवायला जातात, किंवा स्प्रिंग मऊ असली तर पाच-सहा फेरे आवळतात. प्रीलोडनं स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त उभं राहायची जागा बदलते. स्प्रिंग खुळखुळू नये एवढी, फेरा-दीड फेरा, रिंग आवळायची. दोन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर स्प्रिंग चुकली.

भोसरीचा काटा

पुण्यातल्याच एका ओळखीच्याकडे साडेचारशेची स्प्रिंग पडून होती, वेगळ्या कंपनीची. हिशेबानं तिच्यावर सॅग अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास यायला हवा होता. चालण्यासारखं, पण मनासारखं नाही. तेवढ्यात मला भोसरी एमआयडीसीतला एक जुना सहकारी आठवला. तो गाड्यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात आहे. म्हटलं, या दोन्ही एकदा मशीनवर दाबून बघतोस का?

मशीन म्हणजे उभा प्रेस. खाली वजनाचा सेल, बाजूला मिलिमीटरची पट्टी. त्यानं साडेचारशेची स्प्रिंग ठेवली, हात मागे घेतला, जाळी ओढली. स्प्रिंग दबताना आवाज येत नाही, नुसता आकडा चढत जातो, आणि तो चढताना माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. दहा मिमीला ७८ किलो. पन्नासला ३८८. मधल्या चाळीस मिमीत ३१० किलो, म्हणजे मिलिमीटरला पावणेआठ. ५६ ने गुणलं की पौंड-इंच: ४३४.

मग पाचशेची. मिलिमीटरला ९.१५. म्हणजे ५१२.

छापील आकड्यांत पन्नासचा फरक, खऱ्यात अठ्ठ्याहत्तरचा. सहकाऱ्याला याचं काहीच नवल वाटलं नाही. "तार जाडीला केसभर कमी-जास्त झाली की एवढं होणारच. जाडीच्या चौथ्या घातात जातं ते," तो म्हणाला आणि जेवणाचा डबा उघडायला गेला. मला मात्र त्या क्षणी आमचे चार शनिवार आठवले. आम्ही ४२६ काढायला दशांशात भांडत होतो आणि इकडे स्प्रिंगवरचा छापच दोन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे.

हिशेब चुकीचा होता असं नाही. हिशेबामुळेच साडेचारशे म्हणून विकलेली ही स्प्रिंग आपल्याला जवळजवळ नेमकी बसतेय, हे कळलं. लावल्यावर टेप २११ ला थांबली. एकोणीस मिमी, एकोणतीस टक्के.

ही स्प्रिंग वेगळ्या कंपनीची असल्यानं आतल्या व्यासात दीड मिमी सैल होती, आणि शॉकच्या अंगावर एका बाजूला टेकून टिक-टिक वाजायची. नाना पेठेतल्या लेथवाल्याकडून नायलॉनची एक बारीक रिंग करून घेतली, स्प्रिंग मध्यावर आली. फ्रेमच्या बोल्टाला लागणारे तीस मिमी रुंदीचे स्पेसरही त्यानंच करून दिले. दुसऱ्या कंपनीची स्प्रिंग घेताना आतला व्यास बघा, आणि स्प्रिंगचा स्ट्रोक शॉकच्या स्ट्रोकपेक्षा कमी नाही ना हे त्याहून आधी बघा. कमी असेल तर वेटोळी एकमेकांवर आपटतात, आणि मग स्प्रिंग नाही, शॉक तुटतो. बाटलीचा पिंजरा मात्र काढावाच लागला; शॉकची बाजूची टाकी त्याला घासत होती.

स्प्रिंग बदलल्यावर रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉक परत वर यायचा वेग, बदलावा लागतो. पाचशेला लावलेला रिबाउंड मऊ स्प्रिंगला फार मंद पडला. ओळीनं खडे आले की शॉक वर यायच्या आत पुढचा खडा, आणि सायकल हळूहळू खाली बसत जायची. दोन क्लिक उघडले, मग तिसरा. चौथ्याला मागचं चाक पुन्हा लाथा मारायला लागलं, म्हणून एक मागे.

तीन आठवड्यांनंतरचं सांगतो. टेकडीवरचा त्याचा वेळ सुधारला नाही. आहे तेवढाच आहे. सायकल सुमारे अर्ध्या किलोनं जड झाली, आणि चढावर खटका लावायला तो विसरतो तेव्हा शिव्या मला बसतात. छोट्या ढिगाऱ्यावरून जी उसळी मिळायची ती गेली. कॉइल जमिनीला चिकटून राहतो, उडायला मदत करत नाही, हे त्याला खटकतं आणि मला अपेक्षित होतं. पण टेकडीवर एक वळण आहे, आधी घसारा, मग कातळाची पायरी. तिथे तो पूर्वी दर वेळी ब्रेक धरायचा. आता धरत नाही. पायरीवरून शॉक शेवटापर्यंत जातो, मोबाइलवर संथ गतीत शूट करून बघितलं, पण ठप्प आवाज येत नाही. शेवटी फ्रेम आणि तेल दोघं मिळून सांभाळतात. पाय पॅडलवर राहतात. तक्रार हीच होती.

पाचशेची स्प्रिंग आम्ही विकायला काढली. नाशिकचा एक जण आला, चांगला त्र्याण्णव किलोचा. "पाचशेची आहे ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मावसभाऊ म्हणाला, "पाचशेबारा."

तो गोंधळला. मग आम्ही त्याला त्याच्या फ्रेमचा रेशो विचारला, आणि तो आणखी गोंधळला. दोन्ही पट्ट्या मी त्याला देऊन टाकल्या.